पॅडमधली सवत

ये गो बाय, अशी जवळ सरक. आणि तो फोन जरा डोळ्यांपासून लांब धर बघू. रोज वाचते मी इथं तुम्हा सगळ्यांचं… दिवे मालवून, पांघरुणात तोंड खुपसून असले अनुभव वाचता आणि मग खाली लिहिता, "झोप उडाली, आता पाणी प्यायला उठायची पण भीती वाटते." वाटणारच! दिवसाउजेडी वाचावं, बाजूला चहा ठेवून. माझा अनुभव तर घडलाय पण दिवसाउजेडीच. तेव्हा नीट बस, आणि मधे मधे बोलू नको.

आधीच सांगते, माझा या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. शाळा माझी चौथीत सुटली, पण हातात एकदा स्क्रू ड्रायव्हर आला तो काही सुटला नाही. लग्नानंतर घरातली इस्त्री बंद पडली, ती उघडून बघितली. मग मिक्सर, मग टेबलफॅन. शिकवलं कुणी नाही. उघडायचं, बघायचं, परत लावायचं. एखादा स्क्रू उरला तर डबीत टाकायचा. आता फोनवर व्हिडिओ बघून आणखी काय काय जमतं. पेणला आमच्या आळीत कुणाचा मिक्सर अडला की दुकानात जायच्या आधी माझ्याकडे येतो. आणि एवढ्या वर्षांत मला एक पक्कं कळलं होतं — बंद पडलेल्या वस्तूत भूत नसतं, सुटलेली वायर असते.

गेल्या दसऱ्यापर्यंत मी असंच म्हणायचे.

आमचं घर म्हणजे पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधे वर लाकडी माळा. माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचं मखर, आणि खाकी खोळीत बांधलेली आमच्या ह्यांची ढोलकी.

ती ढोलकी म्हणजे माझी सवत.

हसू नको. हे नागोठण्याच्या बाजूला कंपनीत होते. शिफ्ट सुटली की माणूस घरी यायचा, चपला काढायचा आणि आधी ढोलकीकडे जायचा. कातड्याच्या पुडीवर बोट फिरवून बघायचा, ताण बरोबर आहे का. मी चहा घेऊन उभी. एकदा एका हळदीहून येताना वडखळच्या नाक्यावर पावसानं गाठलं, तर ह्यांनी अंगातला रेनकोट काढला आणि ढोलकीला घातला. मी शेजारी ओलीचिंब! म्हटलं, "अहो, मी पण कातड्याचीच हाय की!" तर मला म्हणतात, "तू सुकशील गो. ती नाय सुकत."

बोला आता.

आणि खंडेनवमीला तर कहर. त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं पुजतात, तशी आमच्याकडे ढोलकी पाटावर बसायची. पहिलं कुंकू तिला, पहिला नारळ तिच्यापुढे. मग बोटाला जे उरेल ते माझ्या कपाळाला. दर वर्षी! मी म्हणायचे, "एकदा तरी आधी मला लावा." हे म्हणायचे, "मान तिचा हाय. तू घरची."

हे गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेराव्याला माझ्या नणंदेनं, शकूवन्संनी, सगळ्यांसमोर विषय काढला. वन्सं रोह्याला असतात, ह्यांची एकुलती एक बहीण. म्हणाल्या, "वहिनी, दादाची ढोलकी मला दे. माझ्या बाबांनी घेतलेली ती. आमच्या घरातली."

खरं तर द्यायला हवी होती, नाही का? सवत आपल्या पायानं घराबाहेर जात होती. पण माझं डोकंच फिरलं. सवत माझी. मी तिला नीट ठेवीन नायतर माळ्यावर टाकीन, वन्सं मधे कोण? "नाय देणार," म्हटलं. वन्सं न जेवता रोह्याला गेल्या. तेव्हापासून दिवाळीला एक फोन. "बरं हाय ना?" — "बरं हाय." बस.

आणि ढोलकी खरंच गेली माळ्यावर.

आता सुनेबद्दल सांगते. स्वप्नाली हमरापूरची. माहेरी गणपतीचा कारखाना. लहानपणापासून मूर्तीचे डोळे आखायची, म्हणजे हात कसा स्थिर असेल बघ. तोच हात काठीवर बसला. आमच्या आळीतल्या बायकांनी मिळून हळदी-लग्नांत वाजवायला बेंजो पार्टी काढली आणि हिनं इलेक्ट्रॉनिक ड्रम आणला. लोखंडी स्टँडला लावलेले पाच जाळीचे पॅड, बाजूला एक छोटं मशीन, खाली स्पीकर. पॅडवर काठी मारली की आतला सेन्सर मशीनला सांगतो, "मारलं बरं का," आणि मशीन आवाज काढतं. कुठल्या पॅडला कुठला आवाज लावायचा ते आपण ठरवायचं. तिथं ढोल लावा, घंटा लावा, वाटलं तर मांजर लावा.

तर या बयेनं काय केलं? तिच्याच लग्नाच्या व्हिडिओत हे ढोलकी वाजवताना होते. त्यातली एक थाप उचलली, साफ केली, पेन ड्राइव्हमधून मशीनमध्ये भरली आणि डाव्या हाताच्या पॅडला लावली. मला न सांगता. मी आत भाकरी थापत होते. बाहेरून आली — धिं! तव्यावरची भाकरी करपली पार. माझ्या घरात तो आवाज इतक्या वर्षांनी… आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, "आलीस? माळ्यावर टाकली तरी खाली आलीसच?"

त्यातच खंडेनवमी आली. स्वप्नालीनं विचारलं, "आई, बाबांची ढोलकी काढू का खाली?"

मी माळ्याकडे तोंड करून, मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "नको! राहू दे तिला वर. यंदा मान हिचा." आणि पाचही पॅडना कुंकू लावलं, पहिला नारळ स्टँडपुढे फोडला. कसं बरं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, डावा पॅड बिघडला.

म्हणजे कसा? स्वप्नाली मारायची तर गप्प. जोरात मारलं तरी गप्प. आणि काठ्या खाली ठेवून चहा घ्यायला गेली की मागून आपलाच — धिं! बाकी चारही पॅड शहाण्यासारखे चालू.

मी म्हटलं, काढते हिची मस्ती. माझी पद्धत ठरलेली — एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नायतर दोष कुठं होता ते कधी कळत नाही. पहिल्यांदा पॅड उघडला. आत सेन्सरच्या स्पंजावर कुंकू सांडलेलं आणि नारळाच्या पाण्याचा डाग. हात्तिच्या! म्हटलं, सापडलं भूत. स्वप्नाली हसून लोळली, "आई, तुमची पूजा त्याला बाधली!" पुसलं, वाळवलं, लावलं. थोडा वेळ छान चाललं… आणि परत गप्प.

मग वायर बदलली. चांगल्या पॅडची वायर याला, याची त्याला. दोष तिथंच. मशीनमागचं भोक बदललं. दोष तिथंच. सेन्सिटिव्हिटी वाढवली, म्हणजे हलक्या हातानंही वाजावं. नाही. उलटीकडून थ्रेशोल्ड वाढवला, म्हणजे बारीकसारीक हादऱ्यानं आपोआप वाजू नये. तरी आपलं धिं! कधी कधी शेजारचा पॅड मारला की स्टँडमधून हादरा जातो आणि भलताच पॅड वाजतो, म्हणून तो डावा पॅड स्टँडवरून काढून उशीवर ठेवला. पंखा बंद केला, फ्रिजसुद्धा बंद केला. सगळं व्हिडिओत सांगतात तसं. उशीवर बसून पण बाईसाहेब — धिं!

शेवटी सबंध पॅडच बदलला. उजवीकडचा चांगला पॅड डावीकडे आणला. तो पण तिथं येऊन तसंच करायला लागला!

आता राहिलं काय? वायर नाही, भोक नाही, पॅड नाही. मी म्हटलं, "स्वप्नाली, तो आवाज काढ या पॅडवरून. उजवीकडे लाव." लावला. आणि बघ हं… डावा पॅड एकदम सुरळीत. उजवा गप्प.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. प्रत्येक पॅडला लावून बघितलं. जिथं तो आवाज, तिथं बिघाड.

असं होत नाही गो. पॅडला काय माहीत, मशीन त्याच्या नावानं ढोलकी काढतंय का घंटा? त्याचं काम फक्त "मारलं" एवढं सांगायचं. पोस्टमननं पाकिटातलं वाचून ठरवावं, हे देतो, हे देत नाही — तसंच झालं की!

मी सांगितलं, "मशीनमधली तयार ढोलकी लाव आणि मोकळी हो."

"आई, ती पत्र्याच्या डब्यासारखी हाय. आणि शकूआत्यांनी…" एवढं बोलून ती थांबली.

मग कळलं. हिनं त्या आवाजाचं रेकॉर्डिंग वन्संना पाठवलं होतं. वन्संच्या नातीची हळद होती, तुळशीच्या लग्नानंतर. वन्संनी ते ऐकून लगेच सुपारी दिली होती — पार्टीला यायचं, पण दादाची ढोलकी वाजली पाहिजे. पार्टीची ही पहिली मोठी सुपारी, तीही रोह्याला, सगळ्या भावकीपुढे. तिथं फजिती झाली असती तर स्वप्नालीचं नाव व्हायच्या आधीच बुडालं असतं. आणि वन्सं जन्मभर म्हणाल्या असत्या, "ढोलकी नाय दिलीस, आवाज तरी धड दिलास?"

मला आतून जे काय झालं! माझ्या नवऱ्याची ढोलकी, माझी सून, आणि सुपारी देणार ह्या. मला मात्र नुसती पत्रिका.

हळदीपर्यंत बिघाड काही सुटला नाही, तरी त्या दिवशी सामान टेंपोत चढलं. सगळ्या बायका मागे बसल्या. मी चप्पल घातली, दारापर्यंत गेले, आणि परत फिरले. शिडी लावली. का, ते विचारू नको, मला पण नाही माहीत. खोळीवर बोटभर धूळ. झटकली, आणि बाईला मांडीवर घेऊन टेंपोत पुढे बसले. गडबला चहाला थांबलो तेव्हा स्वप्नाली पुढे आली, बघितलं. गुणाची पोर आहे. एक बिस्किट माझ्या हातात दिलं आणि एक ढोलकीवर ठेवलं. म्हटलं, "चळली का काय ही?"

रोह्याला वन्संच्या दारात मांडव. वन्सं पुढे आल्या. आम्ही दोघी म्हाताऱ्या झालेल्या एकमेकींना दिसलो.

"बरं हाय ना?"

"बरं हाय."

त्यांची नजर खोळीवर गेली. तोंड फिरवून त्या आत गेल्या.

ऊन कलत होतं. नवरी पाटावर बसायची होती, बायका जमलेल्या. पार्टीनं सुरू केलं. बेंजो छान, ताशा छान, स्वप्नालीचे बाकी पॅड छान. आणि ढोलकीची जागा आली की… गप्प. लय अशी खड्ड्यात पाय पडल्यासारखी. एकदा, दोनदा. गाणं थांबलं, बायका पाणी प्यायला लागल्या, आणि त्या शांततेत — धिं!

मागून कुणीतरी म्हटलं, "पॅड हाय का पापड? मारला तर मोडतोय, ठेवला तर फुगतोय!" सगळ्या हसल्या. स्वप्नालीचे कान लाल झाले.

वन्सं खुर्चीत बसून होत्या. म्हणाल्या, "दादाची ढोलकी म्हणून बोलावलं व्हतं. वहिनीनं आवाज पण माळ्यावरच ठेवला वाटतं."

गो, त्या वेळी मला काय वाटलं असेल!

इकबालभाई आले होते, बरं झालं. ते रोह्याचेच. तरुणपणी ह्यांच्याबरोबर बेंजो वाजवायचे, मग आखातात गेले, तिकडे साउंडचं काम केलं, आता परत येऊन दुरुस्तीचं दुकान टाकलंय. त्यांनी मशीन रिसेट केलं. सगळे पॅड ठणठणीत. तो आवाज भरला — आली पीडा परत. त्यांनी स्वतःच्या वायरी लावल्या, दुसरा स्पीकर लावला. मग डोकं खाजवत मला बाजूला घेतलं.

"भाभी, असं होऊच शकत नाय. हा आवाज कुठून घेतला?"

"ह्यांच्याच ढोलकीचा हाय. लग्नाच्या व्हिडिओतला."

"विचारून घेतला?"

"कुणाला विचारायचं? हे तर गेले."

"त्यांना नाय. तिला." खोळीकडे बोट. "आमच्या पार्टीत कायदा व्हता. दुसऱ्याच्या वाद्याला हात लावायचा तर आधी हात लावून कपाळाला लावायचा, मग वाजवायचं. तुम्ही तर तिचा गळाच काढून दुसरीला दिलात, आणि तिला ठेवलंत अडगळीत." आणि हसले. म्हणजे मस्करीच केली त्यांनी. माणूस पाच वेळचा नमाजी, असल्या गोष्टी मानत नाही.

पण मला एकदम समजलं. इकबालभाईंना नाही समजायचं, स्वप्नालीला नाही समजायचं. ते मलाच समजायचं होतं. आपलं माणूस आपल्यासमोर दुसऱ्याला पहिलं कुंकू लावतं तेव्हा कसं वाटतं, ते मी नाही जाणणार तर कोण? मी माळ्याकडे तोंड करून, तिला ऐकू जाईल असं बोलले होते. तिनं ऐकलं होतं. मी तिच्या जागी असते तर मी पण हेच केलं असतं — बोलवाल तेव्हा गप्प, आणि तुम्ही चहा प्यायला बसलात की ओरडणार.

खोळ सोडली. ढोलकी नवरीच्या पाटाशेजारी दुसऱ्या पाटावर ठेवली. हळदीचं ताट उचललं… आणि बघ, इथं माझा हात थांबला. आयुष्यभर ह्यांनी हिला आधी लावलं म्हणून मी जळले. आता मी लावू? का कुणास ठाऊक, मी ताट घेऊन खुर्चीपाशी गेले.

"वन्सं, उठा. आधी हिला लावा."

"मी?" त्या म्हणाल्या. "मी कोण? माळ्याची किल्ली तुझ्याकडं."

"माळ्याला कुलूप नाय वन्सं, शिडी हाय. उठा. तुमच्या बाबांनी घेतलेली ना? मग माहेरचा मान तुमचा."

त्या उठल्या. गुडघ्यानं त्रास दिला तर मी हात दिला. त्यांनी ढोलकीला हळद लावली, कुंकू लावलं, पुडीच्या मधल्या काळ्या शाईवर पण एक टिकली टेकवली. नारळ फुटला. मग दोन्ही हात पुडीवर ठेवून कपाळाला लावले आणि रडायला लागल्या. मी पण. आमच्या मधे ती बसलेली, अगदी माहेरवाशिणीसारखी.

स्वप्नालीनं हळूच काठी मारली.

धिं.

मारलं की वाजायचं, नाही मारलं की गप्प. पूर्ण हळद होईपर्यंत एकदा चुकलं नाही. नवरी नाचली, वन्सं बसल्या जागी तालावर खांदे उडवत होत्या. ढोलकीला कुणी हात लावला नाही, पण तिच्या पुडीवर सांडलेलं कुंकू त्या एका पॅडच्या थापेला थुईथुई उडायचं. बाकी पॅडना नाही, त्या एकालाच. इकबालभाई म्हणाले, "भाभी, त्यात काय नाय. सूर एकच हाय ना, स्पीकरचा हादरा तिला लागतो." म्हटलं, असेल. हे एक पटण्यासारखं होतं.

निघताना वन्सं दारात आल्या. खाली बघत म्हणाल्या, "वहिनी, राहू दे ना हिला माझ्याकडं. चार दिवस."

माझ्या तोंडापर्यंत "नाय" आलं होतं. गिळलं. म्हटलं, "ठेवा." येताना टेंपोत मांडी इतकी रिकामी वाटली की स्वप्नालीची पर्स घेऊन बसले.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसलेच नसते. दहा माणसं सांगतील, वायर सैल होती, मांडवात नीट बसली.

पुढे एका सकाळी, दहा-साडेदहाचा सुमार असेल, स्वप्नालीचा सराव झाला होता. मशीन चालू ठेवून ती आत भाजी चिरत होती. वन्संचा फोन आला.

"वहिनी, ही बोलत नाय गो."

"कोण?"

"ढोलकी. तू गेल्यापासून. सगळ्यांनी मारून बघितलं. इकबालला बोलावलं, तो म्हणतो पुडी चांगली, शाई चांगली, ताण बरोबर. पण आवाज कसा, उशीवर हात मारावा तसा. ठप. ठप."

मला आतून थोडा आनंद झाला, खोटं नाही बोलणार. म्हटलं, "मारा बघू, मला ऐकू दे."

फोन माझ्या कानाला होता, फोनचा स्पीकर बंद. पलीकडून काही ऐकू आलं नाही. पण माझ्या पाठीमागे हॉलमध्ये —

धिं!

आतून स्वप्नाली ओरडली, "आई, हात नका ना लावू पॅडला!"

"मी कुठं लावला?"

"वहिनी, काय झालं?" वन्सं विचारतायत. म्हटलं, "परत मारा." धिं. "आता थांबा." गप्प. "आता मारा." धिं.

स्वप्नाली हातात सुरी घेऊन दारात उभी. आम्हा दोघींच्या अंगावर काटा, पण माझा स्वभाव जात नाही. एका वेळी एकच गोष्ट. आधी म्हटलं, मशीन आपलं आपण बोलतंय का ते बघू. पॅडची वायर उपटून टाकली. डब्यातून चिमूटभर तांदूळ आणले आणि पॅडच्या जाळीवर ठेवले. पंखा बंद. स्पीकरचं बटण पण बंद. घरात कसला म्हणून आवाज नाही.

"मारा वन्सं."

आवाज आला नाही. पण तांदूळ उडाले.

परत मारायला सांगितलं. परत उडाले. अगदी मधोमध, ढोलकीवर जिथं ह्यांचं बोट पडायचं, तिथूनच.

मी खाली बसले. वन्संना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे अंग माझ्याकडं, आणि जीव तुझ्याकडं. तेव्हा पण असंच झालं."

"तेव्हा कधी?"

"दादा गेला तेव्हा. उशाशी मी बसलेली, हात माझ्या हातात. आणि बघत व्हता तुझ्याकडं. तू पायाशी उभी व्हतीस. शेवटपर्यंत तुझ्याकडंच. त्याच रागात ढोलकी मागितली गो मी… म्हटलं, एक गोष्ट तरी मला आधी मिळू दे."

मी आयुष्यभर ढोलकीवर जळले. वन्सं माझ्यावर जळल्या. आणि ती तिकडे रोह्याला पाटावर बसून माझ्यासाठी मुकी झालेली… हे काय आहे, तुम्हाला कळलं तर मला सांगा.

इकबालभाई म्हणतात, पेणवरून मालगाडी गेली असेल, घर हाललं असेल, म्हणून तांदूळ उडाले. गेली असेल बाबा. पण मालगाडी काय वन्संचा हात बघून जाते? स्वप्नाली म्हणते, आई, विचार नका करू. मीही उत्तर शोधणं सोडलंय. जे उघडता येत नाही त्याला स्क्रू ड्रायव्हर काय लावणार?

रविवारी मी रोह्याला चाललेय. ढोलकी परत आणायला नाही. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तू येऊन तिच्यापाशी बस, मग बघू बोलते का." बघू. बोलली तर आधी दोन शब्द मी सुनावणार आहे तिला.

आणि तू पण ये गो. नुसतं फोनमध्ये डोकं घालून काटे आणून घेऊ नको अंगावर. पॅडवरचे तांदूळ अजून उचलले नाहीत मी, सून रोज ओरडते. पेणला ये, भाकरी खा, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. फार उशीर लावू नको हं… लवकर ये.